सिंधूसाठी रडणं आता पुरे

राम गणेश गडकरींचं ‘एकच प्याला’ शोकांतिका म्हणून वाचणं आपण थांबवायला हवं. ते उपहासाचं नाटक आहे. त्यातला उपहास ज्यांच्यावर आहे, ती मंडळी शंभर वर्षं प्रेक्षागृहात बसून डोळे पुसताहेत आणि ‘दारू वाईट, बाई थोर’ असा निकाल देऊन घरी जाताहेत. गडकऱ्यांनी उगारलेला हात आपण आशीर्वादाचा समजून बसलो आहोत.

मी हे गंमत म्हणून म्हणत नाही. नाटक पुन्हा हातात घ्या आणि एकच पथ्य पाळा. नायक सुधाकराला दारूची चटक लावणाऱ्या तळीरामाचे प्रवेश ‘विनोदी भाग’ म्हणून भराभर उलटू नका. तिथे थांबलात की बाकीचं सगळं नाटक वेगळं दिसायला लागतं.

तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळाची बैठक घ्या. हा दारुड्यांचा साधा अड्डा नाही. मंडळ आहे ते, त्याला नाव आहे, तत्त्वं आहेत. नावात ‘आर्य’ आहे, म्हणजे संस्कृतीची सोयही झाली आहे. बैठकीत शास्त्री आहे, त्याच्या शेजारी खुदाबक्ष आहे. मवाळ आहे आणि जहालही आहे. ज्या महाराष्ट्राने १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटताना पाहिली आणि नंतर नऊ वर्षं मवाळ-जहालांनी एकमेकांची तोंडं न पाहणं सोसलं, त्याच महाराष्ट्राला गडकरी दाखवतात की हे सगळे एका मेजाभोवती सुखाने बसू शकतात. बाटली मध्ये असली म्हणजे झालं. लखनौला १९१६ मध्ये दोन्ही गट पुन्हा एकत्र आले. त्यानंतर तीन वर्षांच्या आत हे नाटक रंगमंचावर आलं आहे. त्या काळच्या प्रेक्षकाला हा टोला कुठे बसला असेल, हे सांगायला समीक्षक नको.

आणि तिथली भाषा ऐका. शास्त्राधार, तर्क, सुधारणा, राष्ट्र, सगळं काही पिण्याच्या समर्थनाला जुंपलेलं. पुण्यात लोकमान्य टिळकांनी १९०८ मध्ये दारूच्या दुकानांवर निरोधन करायला माणसं उभी केली होती. त्या चळवळीच्या सभांमधली भाषणबाजीची सगळी अवजारं तळीरामाने उचलली आणि उलट्या बाजूने चालवली. सार्वजनिक जीवनात कुठलीही गोष्ट मुद्देसूद बोलून प्रतिष्ठित करता येते, हा या प्रवेशाचा विषय. दारू त्याचं निमित्त आहे.

आता या प्रवेशांना आपण ‘विरंगुळा’ म्हणतो. गंभीर कथानकाचा ताण हलका व्हावा म्हणून मध्ये घातलेली हास्याची झुळूक, असं कॉलेजात शिकवतात. माझं म्हणणं उलट आहे. मदिरा मंडळ हे नाटकाचं घर आहे आणि सुधाकराच्या घरातलं सगळं त्या मंडळाच्याच नियमांनी चालतं. मंडळात शास्त्राचं नाव घेऊन प्याला उचलतात, घरात पातिव्रत्याचं नाव घेऊन मार सोसतात. रीत एकच.

तळीरामाच्या आजारपणाचा प्रवेश तर या वाचनाची किल्लीच आहे. तळीराम अंथरुणाला खिळलाय, मरणाच्या वाटेवर आहे, आणि उशाशी डॉक्टर आणि वैद्य एकमेकांच्या शास्त्राची लाज काढताहेत. रोगी राहिला बाजूला. कुणाची पद्धत खरी, यावर दोघांची जुंपली आहे. हसू येतं, येणारच. पण हसता हसता लक्षात येतं की खाटेवरचा माणूस खरोखर मरणार आहे, आणि त्याच्याभोवतीच्या शहाण्यांना त्याची पर्वा नाही. मरण आणि हसणं गडकऱ्यांनी इथे एकाच खाटेवर बसवलं. ज्याला हे असं लिहिता येतं, त्याने शेवटचा अंक भाबडेपणाने लिहिला, असं मी मानायला तयार नाही.

हा माणूस कोण होता, तेही विसरू नका. गोविंदाग्रज या नावाने कविता लिहिणारा हाच माणूस बाळकराम या नावाने विनोदी लेख लिहीत होता. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना त्याने गुरू मानलं होतं, म्हणजे ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून जुन्या चालीरीतींची साल काढणाऱ्या माणसाला. ठकीच्या लग्नाची खटपट लिहिताना बाळकरामाने लग्नाच्या बाजारातली हुंडा, पत्रिका, मुलगी दाखवणं ही सगळी दुकानं उघडी पाडली. तोच हात लग्नानंतरच्या घराकडे वळला तेव्हा एकाएकी फक्त पूजा करू लागला, हे पटत नाही.

मग शोकांतिका झाली कशी? याचं उत्तर बरंचसं रंगमंचावर आहे. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी. नाटकाचा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला केला तो २० फेब्रुवारीला, महिना उलटण्याच्या आत. लेखकाने आपलं नाटक प्रेक्षकांसमोर उभं राहिलेलं पाहिलंच नाही. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचलेली, सुधाकर गणपतराव बोडसांचा, आणि त्याची बायको सिंधू बालगंधर्वांची. बालगंधर्व सिंधू म्हणून उभे राहिले आणि नाटकाचा तोल त्यांच्याकडे झुकला. त्यात त्यांचा दोष नाही. असा गळा शतकात एखादाच येतो. पण संगीत नाटकात जिथे पद तिथे प्रेक्षकाचा जीव, आणि पदं मिळाली सिंधूच्या दुःखाला. घरात दाणा नाही, मूल उपाशी आहे, अशी बाई समोर गातेय आणि प्रेक्षागृहातून ‘वन्समोअर’ येतोय. हे दृश्य मी जेव्हा जेव्हा मनात आणतो, तेव्हा मला त्या काळच्या प्रेक्षकाचा राग येतो आणि त्याच्या जागी मीही तेच केलं असतं हेही कळतं. इतकं गोड दुःख कुणाला पुन्हा ऐकावंसं वाटणार नाही?

दुःख गोड झालं की टोचत नाही.

शोकांतिकेच्या बाजूने बोलणारे सुधाकराचा अहंकार पुढे करतात. हुशार, मानी, स्वतःच्या हिमतीवर वर आलेला वकील. न्यायालयात मुन्सफाशी खटका उडतो, सहा महिने सनद रद्द होते, अपमान जिव्हारी लागतो, कारकून तळीराम पहिला प्याला पुढे करतो, आणि त्या एका प्याल्यातून सर्वनाश. थोर माणूस, एक दोष, त्या दोषातून पतन. शेक्सपिअरची छाया गडकऱ्यांवर होतीच, त्यामुळे हा साचा सहज बसतो.

बसत नाही. अशा शोकांतिकेत नायकाच्या दोषाचा सगळ्यात मोठा हप्ता नायक स्वतः भरतो. लिअर वादळात स्वतः भिजतो, ऑथेल्लो खुनानंतर स्वतःचा न्याय स्वतः करतो. सुधाकराचा मान मात्र सिंधू जपते, जात्यावर लोकांची दळणं दळून. सुधाकर तिच्याकडून शपथ घेतो की माहेरची पैसुद्धा घ्यायची नाही. माहेर सधन आहे, भाऊ पद्माकर न्यायला दारात आला आहे, मूल भुकेलं आहे. तरी शपथ मोडत नाही. मानाची भूक एकाला आणि खरी भूक दुसऱ्यांना, अशी ही वाटणी. नवरा बाहेरच्या जगात स्वाभिमानी म्हणून मिरवणार आणि त्या स्वाभिमानाचं पीठ बायको दळणार. याला शोकांतिका म्हणणं म्हणजे सुधाकराला फुकटात थोरपण देणं आहे.

मधल्या काळात तो दारू सोडतो, हेही लोक विसरतात. शुद्धीवर येतो, कामासाठी माणसांच्या दारात जातो. त्याला कुणी उभं करत नाही. ज्यांना त्याच्या पिण्याची इतकी किळस आहे, त्यांना त्याच्या सुधारण्याचा काडीचाही उपयोग नाही. दारुडा पडलेला असला की त्याच्याकडे बोट दाखवता येतं. तो उठून बसला तर त्याला नोकरी द्यावी लागते. मला वाटतं, नाटकातला सगळ्यात निर्दय टोला हा आहे, आणि तो पिणाऱ्यांवर नाही, न पिणाऱ्यांवर आहे.

रामलालचं उपकथानक लोकांना लांबण वाटतं. मला ते हवं आहे. रामलाल सज्जन आहे, शिकलेला आहे, सुधाकराची विधवा बहीण शरद हिच्या शिक्षणाची काळजी वाहतो. बाप-लेकीसारखं नातं. आणि एक दिवस त्याचं त्यालाच कळतं की ही माया निर्मळ नाही. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा. म्हणजे सुधारणेला पन्नास-साठ वर्षं होऊन गेल्यावर गडकरी सुधारकाच्या काळजाची झडती घेताहेत. पिणाऱ्या सुधाकराच्या घरात हिंसा आहे आणि न पिणाऱ्या रामलालच्या उपकारात वासना आहे. मग दोष एकट्या दारूच्या बाटलीत कसा भरायचा?

आता सिंधू. इथेच माझं सगळ्यांशी भांडण आहे.

शेवटच्या अंकात नशेत बेभान झालेला सुधाकर मुलाचा जीव घेतो, सिंधूच्या डोक्यात काठी बसते. घरी पोलीस येतात. कायदा प्रत्यक्ष उंबऱ्याच्या आत आलेला आहे, विचारतो आहे, ऐकायला तयार आहे. आणि मरता मरता ती बाई सांगते की मीच पडले. नवरा सुटतो. पुढे तो विषाचा प्याला घेतो, तो त्याचा स्वतःचा निर्णय. पण त्या क्षणी सिंधूने जे केलं त्याला आपण काय म्हणतो? त्याग. पातिव्रत्याची परिसीमा. परीक्षेत सिंधूचं स्वभावचित्र लिहिताना मुलं हाच प्रसंग उतरवतात आणि मार्क मिळवतात.

मेलेल्या मुलाच्या बाजूने एक शब्द नाही. आईच्या तोंडून तो शब्द निघत नाही, कारण तिला लहानपणापासून एकच वाक्य शिकवलं आहे आणि ते नवऱ्याबद्दलचं आहे. हा प्रसंग भक्तिभावाने पाहायचा म्हटला तर आधी ते मूल नजरेआड करावं लागतं. ते नजरेआड होत नसेल तर उरतो तो भयंकर उपहास: एका समाजाने बायकोला इतकं पढवलं की तिने स्वतःच्या पोराच्या मारेकऱ्यासाठी खोटी साक्ष दिली, आणि समाज म्हणाला, वा!

मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्रपाळी केलेल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा, सिंधूचं ते वाक्य त्याने किती रूपांत ऐकलं आहे. मोरीत पाय घसरला. जिन्यावरून पडले. दाराची कडी लागली. गालावर पाच बोटं उठलेली असतात आणि कडी लागलेली असते. शेजारी नवरा उभा असतो, कधी सासू. डॉक्टर पोलीस केस करू का विचारतो आणि बाई मान हलवते. १९८३ मध्ये दंड विधानात कलम ४९८-अ आलं, २००५ मध्ये घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आला. कायदा दारापर्यंत पोचतो आणि तिथे त्याला सिंधूचं वाक्य आडवं येतं. ते वाक्य आपण शंभर वर्षं टाळ्यांनी आणि आसवांनी पोसलं आहे. म्हणून मला हे वाचन बदलायचं आहे. वाङ्मयाच्या तासाला नवा मुद्दा मिळावा, एवढ्यासाठी मी हा खटाटोप करणार नाही.

यावर लगेच विचारलं जाईल: गडकऱ्यांना हे अभिप्रेत होतं का? त्यांनी सिंधूवर जीव ओतला आहे, तिची भाषणं वाचा, तिथे चेष्टेचा मागमूस नाही. बरोबर. मागमूस नाही. गडकऱ्यांनी सिंधूची चेष्टा केली असं मी म्हणतच नाही. चेष्टा तिची नव्हेच, तिला असं घडवणाऱ्यांची आहे. आणि लेखकाने ती जाणूनबुजून योजली की त्याच्या हातून घडली, याचा हिशेब आता लागायचा नाही. पण एक पुरावा त्याने संहितेत ठेवला आहे. त्याचं नाव गीता.

गीता तळीरामाची बायको. तीही पिदडाच्या पदरात पडलेली, तिलाही सिंधूसारखंच सोसायचं आहे. पण गीता बोलते. तोंडावर बोलते, फटकळ बोलते, पुरुषांच्या जातीचा उद्धार करते आणि सिंधूच्या घरी येऊन तिच्या कष्टांत हात घालते. एकाच छपराखाली दोन बायका: एक देवी म्हणून मरणार, दुसरी माणूस म्हणून भांडणार. नुसती देवीच उभी करायची असती तर शेजारी गीता ठेवायची गरज नव्हती. गडकऱ्यांनी ती ठेवली, आणि आपण तिला ‘विनोदी पात्र’ या खणात टाकून कुलूप लावलं. मराठी प्रेक्षकांच्या चार पिढ्यांनी सिंधूच्या पदांची तबकडी घरात जपली. गीतेचं एक वाक्य कुणाला पाठ आहे?

तिच्या मुली-नाती मात्र जिवंत आहेत. महाराष्ट्रात एखाद्या वॉर्डातल्या महिला मतदारांनी पुरेशा संख्येने मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दारूचं दुकान बंद करावं लागतं. त्या मतदानाला पदर खोचून, पोरं काखेला मारून, दारुड्या नवऱ्यांच्या शिव्या ऐकत रांगेत उभ्या राहिलेल्या बायका गीतेच्या वंशातल्या. सिंधू त्या रांगेत आली नसती. तिने शपथ घेतली होती.

आणि मदिरा मंडळही जिवंत आहे. ते तर मंत्रालयापर्यंत पोचलं. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून पुस्तकात आहे आणि त्याखाली दारू प्यायला परवाना लागतो. तो परवाना देण्याचं कारण काय, तर प्रकृती राखण्यासाठी. तळीराम सरकारी अर्जावर सही करतोय असं वाटावं. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा सत्ताधाऱ्यांकडून ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असं सांगण्यात आलं. मंडळाच्या बैठकीत याहून सरस ठराव मांडता आला नसता. चंद्रपूर जिल्ह्यात बायकांच्या मोठ्या आंदोलनानंतर २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठवली गेली. उठवताना बुडालेला महसूल आणि बोकाळलेली अवैध विक्री ही कारणं पुढे आली. दोन्ही कारणं खरी असतील. पण बंदी यशस्वी करण्याची जबाबदारी ज्यांची, त्यांनीच ती अयशस्वी झाली म्हणून उठवावी, हा युक्तिवाद मला आधी कुठे भेटला होता ते सांगायला नको.

३१ डिसेंबरला पोलीस नाक्यानाक्यावर उभे राहतात आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘तळीरामांवर कारवाई’ अशी बातमी असते. सुधाकर बातमीत येत नाही, रामलाल येत नाही. उपहासातला माणूस टिकला, शोकांतिकेतला नायक वाचनालयात राहिला. प्रेक्षकांनी आपल्याही नकळत कौल दिलेला आहे. समीक्षकांनी तो मोजायचा बाकी ठेवला.

मला वाद घालून थांबायचं नाही. पुढच्या मोसमात एखाद्या दिग्दर्शकाने हे करून पाहावं. संहितेतली वाक्यं बदलू नयेत. मदिरा मंडळाचे प्रवेश सावकाश आणि पूर्ण होऊ द्यावेत, आणि त्यातल्या नटांनी तोंडं वेडीवाकडी न करता, सभेत बोलतात तशा गंभीर चेहऱ्याने बोलावं. गीतेचं काम मुख्य नटीला द्यावं. सिंधूच्या एकाही पदाला वन्समोअर घेऊ नये. शेवटच्या अंकात पोलीस घरात शिरले की ऑर्गन बंद करावा आणि प्रेक्षागृहातले सगळे दिवे लावावेत, म्हणजे सिंधू खोटं बोलत असताना पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना एकमेकांचे चेहरे दिसतील. एवढं करूनही लोकांनी रुमाल काढले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तालीम पुन्हा लावावी.